सभ्य वेबसाइट पाहिजेत

"साइट्स मी निवडू, की तुम्ही निवडताय?" जाहिरातवाल्याने फोनवर विचारलं.

तेव्हा "तुम्हीच निवडा" एवढे दोन शब्द तोंडातून गेले असते, तर आज घरात आणि शाळेत लोक माझ्याकडे जरा बऱ्या नजरेने बघत असते. पण निवडायला मिळणार म्हटलं की माझी छाती फुगते. (घरात पडद्यांचा रंग, गादीची बाजू आणि माझे शर्ट हे सगळं परस्पर निवडलं जातं.) मी खाकरलो आणि म्हणालो, "मीच निवडतो. शाळेच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

मी एका शाळेचा प्रवेश विभाग आहे. विभागात काम करतो असं नव्हे. एक टेबल, एक पंखा आणि मी, मिळून विभाग. त्याच शाळेत माझी बायको बालवर्गाची दुपारची तुकडी शिकवते. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, म्हणून ही छोट्या बाई. तर यंदा दुपारच्या तुकडीत मुलं इतकी कमी झाली, की मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून सरळ सांगून टाकलं, "पालकभेटीच्या दिवसापर्यंत वर्ग भरला नाही तर दुपारची तुकडी बंद. छोट्या बाईंना मग ऑफिसात घेऊ. यांच्या शेजारी अजून एक टेबल मावतं, मी बघून ठेवलंय."

घरी आल्यावर बायको बराच वेळ काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी आपोआप घर आवरायला लागतो. शेवटी ती म्हणाली, "अहो, मला नाही हो जमणार मुलांशिवाय. दिवसभर फायली बघत बसायचं म्हणजे..." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही, पण ती माझ्याचकडे बघत होती. मला तिचं फार वाईट वाटलं. माझंही वाटलं. दिवसभर तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचं, तर मी काम किती करतो हे तिला कळलं असतं.

म्हणून ऑनलाइन जाहिरात. मजकूर मोठ्या बाईंनी स्वतः लिहिला, फोटो मी काढला, संपर्कासाठी माझाच मोबाइल नंबर दिला, आणि राहिला तो एकच प्रश्न. ही जाहिरात कोणकोणत्या साइट्सवर झळकवायची? जाहिरातवाल्याने निवडायला साइट्सची ही भलीमोठी यादी पाठवून दिली.

तोपर्यंत मी या गोष्टीचा कधी विचारच केला नव्हता. लोक दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात हे दिसत होतं, पण बघतात तरी काय? लहान मुलांचे आईबाप इंटरनेटवर नेमके जातात कुठे? हा किडा एकदा डोक्यात शिरला आणि मला दुसरं काही सुचेना. बँकेच्या रांगेत मी पुढच्याच्या खांद्यावरून डोकावू लागलो. दवाखान्यात कडेवर मूल असलेला एक तरुण बाप दिसला, म्हणून मुद्दाम त्याच्या शेजारी सरकून बसलो. तो एकाग्रतेने एक व्हिडिओ बघत होता. कोणीतरी एक माणूस नुसत्या हातांनी माती उकरून पोहण्याचा तलाव खणत होता. मलाही त्यात रस वाटायला लागला. तलावात पाणी भरायची वेळ आली तशी मी विचारलं, "साहेब, ही साइट कोणती हो?"

त्याने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तो उठून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसला. पाणी भरलं का नाही ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी ठरवलं, आपल्याला येतं त्या पद्धतीने जावं. इतकी वर्षं मुलांना प्रवेश देतोय. मूल आत आलं, की नमस्कार करतं का, मध्येमध्ये बोलतं का, नखं कापलीत का, हे बघून मला अर्ध्या मिनिटात कळतं. वेबसाइटचंही तसंच असणार. मी खुर्ची ओढून बसलो आणि एकेकीला मुलाखतीला बोलवायला सुरुवात केली.

बातम्यांची साइट आली ती ओरडतच. नापास. खरेदीच्या साइटने आत पाय टाकल्याबरोबर माझं नाव, गाव, बुटाचं माप विचारलं. अति चौकस, नापास. सिनेमाच्या साइटवर गणवेशाचा प्रश्न होता. (तो प्रश्न मी जरा बारकाईने तपासला. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि मी ती साइट ताबडतोब नापास केली.) एका साइटवर तर वाचत असताना मध्येच दुसरंच काहीतरी पुढ्यात येऊन उभं राहायचं, हाकललं तरी जायचं नाही. असली मुलं वर्गाचा वर्ग बिघडवतात.

आयांची एक साइट होती. तिच्याकडून मला फार आशा होती. उघडून बघतो तर तिथे आया एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. कोणाचं मूल आधी चाललं, कोणत्या शाळेतल्या बाई खेकसतात, कोणत्या शाळेच्या ऑफिसात क्लार्क झोपा काढतो... त्या शेवटच्या विषयावर तर बऱ्याच जणी तावातावाने बोलत होत्या. अशा संगतीत आपल्या शाळेचं नाव नको, असं म्हणून मी तिच्यावर सगळ्यात मोठी फुली मारली.

यादी संपत आली आणि पास एकही होईना. मी कपाळाला हात लावून बसलो, तेव्हा मला सासूबाई आठवल्या.

सासूबाई आमच्याकडेच असतात. आमची मुलगी शिकायला परगावी गेली, तेव्हा तिची खोली त्यांना मिळाली आणि तिचा टॅबही. तो मांडीवर घेऊन त्या दिवसभर शांतपणे काहीतरी वाचत असतात. मी विचारलं, "आई, एखादी सभ्य साइट माहीत आहे का तुम्हाला?"

"सभ्य?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ही बघा गुडघ्यांची. अक्षर केवढं मोठं, काही हलत नाही, कोणी ओरडत नाही. आणि डॉक्टर प्रत्येकाला 'आपण' म्हणतात."

मी बघितली आणि खरंच प्रेमात पडलो. "कृपया सावकाश उठावे." "आपण आज चाललात का?" इतक्या अदबीने माझ्याशी कोण बोलतं? तिथून मग मला तसलीच एकेक रत्नं सापडत गेली. मोतीबिंदूची साइट, शब्दकोड्यांची साइट, गच्चीतल्या कुंड्यांची साइट, जुन्या गाण्यांची साइट, रक्तदाबाची साइट. सगळ्या स्वच्छ, नेमस्त, वळण लागलेल्या. मी सगळ्यांना प्रवेश दिला आणि जाहिरातवाल्याला कळवून टाकलं.

"नक्की ना?" त्याने विचारलं.

"साहेब," मी म्हणालो, "माणसं पारखण्यात माझी हयात गेली."

आणि काय सांगू! दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू झाले. आतापर्यंत माझ्या मोबाइलवर बायको आणि चुकून लागलेले नंबर, याखेरीज कोणी येत नसे. आता उसंत मिळेना. एक मात्र जाणवलं. पालक जरा संकोचून बोलत होते.

"ते जाहिरातीचं बघितलं," एक गृहस्थ हळू आवाजात म्हणाले. "आमच्याकडे... म्हणजे घरचंच माणूस आहे. दिवसभर ठेवायचं होतं. आम्ही दोघं कामावर जातो हो. मनाला बरं नाही वाटत, पण..."

"अहो, त्यात वाईट काय वाटायचं!" मी धीर दिला. "सगळेच ठेवतात. पहिले चार दिवस रडारड होते, मग घरी जायला तयार होत नाहीत."

"खरंच?" त्यांनी विचारलं.

"वय?"

"पंच्याहत्तर."

आता बालवर्गात आम्ही वय महिन्यांत मोजतो. प्रवेशाच्या दिवसांत तर मला बायकोचं वयही महिन्यांत आठवतं. पंच्याहत्तर महिने म्हणजे सव्वासहा वर्षं. मी म्हणालो, "जरा उशीरच केलात तुम्ही. खरं म्हणजे आधीच आणायला हवं होतं."

"तेच ही म्हणत होती," गृहस्थ पुटपुटले.

"बरं, बोलणं स्पष्ट आहे?"

"बोलणं? थांबतच नाहीत. तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा."

(मुलाला अहोजाहो! मला ते घर फार सुसंस्कृत वाटलं.)

"आपल्या हाताने जेवतात?"

"जेवतात, पण अंगावर सांडतात."

"आणि ते... सांगतात ना वेळेवर?"

"सांगतात. कधीकधी पोचेपर्यंत उशीर होतो."

"चालायचंच. आमच्या बाई फार मायाळू आहेत. स्वतः बदलतात." मी त्यांना पालकभेटीची तारीख दिली आणि सोबत घेऊन या म्हणून सांगितलं. असे कितीतरी फोन आले. एक सत्तर, एक अडुसष्ट, एक ऐंशी. यंदा मुलं जरा थोराड आहेत असं वाटलं, पण संख्या बघून मी हरखलो होतो. संध्याकाळी बायकोला म्हणालो, "तुझी तुकडी भरली. वर आणखी ताटकळत राहतील."

तिने माझा हात हातात घेतला. (साक्षीदार कोणी नव्हतं, पण घेतला.) मग ती उठली आणि चित्रांचे कागद कापायला बसली. गुणगुणत होती. मला इतकं बरं वाटलं की मी मागितल्याशिवाय तिला चहा करून दिला.

पालकभेटीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला चहा पिता पिता विचारलं, "जावईबापू, तिथे चहा एकदाच देतात की दोनदा?"

"कुठे?"

"असू द्या," त्या हसल्या. "कळेलच मला."

मी आंघोळ करून बाहेर येतो, तो बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी. "आईने बॅग भरलीय. तुम्ही तिला काय बोललात?"

"मी? मी त्यांच्याशी बोलायला घाबरतो!"

आम्ही दोघं त्यांच्या खोलीत गेलो. पलंगावर बॅग. त्यावर शाल घडी करून ठेवलेली. शेजारी सासूबाई तयार होऊन बसलेल्या.

"आई, मी तुम्हाला काही..." मी चाचरत सुरुवात केली.

"अहो, मी रागावले नाही हो!" त्या म्हणाल्या. "उलट कौतुक वाटलं तुमचं. जाहिरात बघितली आणि खाली तुमचा नंबर ओळखला. माझ्यासाठी एवढं गुपचूप चाललं होतं, आणि मी आपली समजत होते की तुम्हाला काही सुचत नाही. इथे दिवसभर कंटाळा येतो मला. तुम्ही दोघं शाळेत, मी भिंतींशी बोलते." आणि त्यांनी टॅब आमच्यापुढे धरला.

गुडघ्याच्या व्यायामांच्या बरोबर खाली आमची जाहिरात होती. मी ती पहिल्यांदाच तिच्या जागेवर बघत होतो. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय छापता येत नाहीत, म्हणून मी आवारातल्या झाडाचा आणि झाडाखालच्या बाकाचा फोटो काढला होता. बाक रिकामा, ऊन कोवळं. आमच्या शाळेला संस्थापकांच्या मातोश्रींचं संपूर्ण नाव आहे, त्यापुढे 'स्मृती' आणि त्यापुढे 'बालक शाळा'. जाहिरातीच्या चौकटीत ते 'स्मृती'पर्यंतच मावलं होतं. आणि खाली मोठ्या बाईंचा मजकूर: "मायेची माणसं. सुरक्षित आवार. वेळेवर खाणं, दुपारची विश्रांती. गाणी, गोष्टी, हलका व्यायाम. घरून ने-आण. आम्ही सांभाळतो, तुम्ही निर्धास्त राहा."

बायकोने ते दोनदा वाचलं. "यात मूल कुठे आहे?"

"परवानगी नव्हती."

"आणि शाळा?"

"कापली गेली वाटतं."

मग तिने अगदी शांतपणे विचारलं, "ते पंच्याहत्तर कोण, म्हणालात?"

मी धावत जाऊन त्या गृहस्थांना फोन लावला. "माफ करा, एक विचारायचं राहिलं. पंच्याहत्तर महिने की वर्षं?" पलीकडून फोन बंद झाला. बाकीच्यांना विचारायची मला हिंमत झाली नाही.

"माझा वर्ग गेला," बायको म्हणाली. ती चिडली असती तर मला चाललं असतं. ती कापलेले चित्रांचे कागद गोळा करून पिशवीत भरत होती, आणि ते काही मला बघवेना.

पालकभेटीच्या दिवशी फाटकाला फुगे लावले होते. मोठ्या बाई ठेवणीतली साडी नेसून स्वागताला उभ्या. एकेक गाडी येऊन थांबायची, दार उघडायचं, आधी काठी बाहेर यायची, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने दुसरा.

"वा! आजीआजोबाही आलेत," मोठ्या बाई खूश होऊन म्हणाल्या. "मुलं मागून येतायत का?"

एका मुलाने, म्हणजे पन्नाशीच्या मुलाने, खाली मान घालून सांगितलं, "बाई, हेच आहेत."

मोठ्या बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मी एका फुग्यामागे उभा होतो, पण फुगा लहान होता.

तोवर मंडळी कोणी सांगायच्या आत वर्गात शिरून छोट्या छोट्या खुर्च्यांवर बसली होती. एक उंच आजोबा बसले तर त्यांचे गुडघे कानांपर्यंत आले. आता उठा म्हणायची सोय नव्हती, कारण उठणं हा प्रत्येकाचा स्वतंत्र कार्यक्रम होता. बायको दारात क्षणभर थबकली. मग पदर खोचून आत गेली आणि म्हणाली, "बरं, सगळ्यांनी हात मांडीवर ठेवा बघू."

सगळ्यांनी ठेवले. मी पण ठेवायला गेलो, पण मी उभा होतो.

तिने आंघोळ न करणाऱ्या हत्तीची गोष्ट सांगितली. आजीआजोबा मध्येमध्ये बोलत होते, हत्तीला कसली अॅलर्जी असेल यावर वाद घालत होते. रंगीत खडू वाटले तर लाल खडूवरून दोन आज्यांची जुंपली आणि बायकोने दोघींना वेगवेगळं बसवलं. उंच आजोबांनी काढलेला हत्ती तिने सगळ्यांना उंच धरून दाखवला, तेव्हा ते लाजले. माझी बायको नुसती खुलली होती. आपला वर्ग जाणार हे माहीत असूनही ती जीव तोडून शिकवत होती. इतकी वर्षं एका शाळेत असून मी तिला असं कधी नीट बघितलंच नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला आणि स्वतःचा तितकाच राग आला.

गोष्ट संपल्यावर मोठ्या बाई पुढे आल्या. "माफ करा, पण ही लहान मुलांची शाळा आहे. वय वर्षं साडेतीन ते पाच."

एकच गलका झाला.

"जाहिरातीत वय कुठे लिहिलं होतं?"

"मी नाही घरी जाणार. माझं चित्र अर्धं राहिलंय."

मागे उभ्या असलेल्या एक सूनबाई मात्र चकित होऊन म्हणाल्या, "अय्या, बालवर्ग आहे होय इथे? आम्ही तर लेकासाठी शाळा शोधून दमलो. त्या आयांच्या साइटवर रोज विचारते मी. तिथे का नाही हो दिली जाहिरात?"

"तिथलं वर्तन..." मी म्हणालो आणि उरलेलं गिळलं.

"साडेतीन वर्षांचा?" त्यांच्या सासूबाई लाल खडू मुठीत धरून म्हणाल्या. "मग त्याला इथेच घाला. बाई, नातवाला आणलं तर मला बसू द्याल ना?"

मोठ्या बाई विचारात पडल्या. रिकाम्या जागांचा विचार त्या झोपेतही करतात. "पाल्याला पोचवायला आलेल्या एका मोठ्या माणसाला झाडाखालच्या बाकावर बसता येईल," त्या सावकाश म्हणाल्या. "गोष्टीच्या तासाला वर्गात मागे. पण नातवंड असेल तरच. नातवंडाशिवाय प्रवेश नाही."

तुकडीला त्यांनी आणखी एक आठवडा दिला, आणि तेवढं पुरलं. आजवर आईबाप मुलांना शाळेत ओढत आणताना मी पाहिले होते. आता आजीआजोबांनी घरी जाऊन असा काही हट्ट धरला, की मुलासुनांचा नाइलाज झाला. आठवडा संपायच्या आत नातवंडं यायला लागली. त्या पंच्याहत्तर वर्षांच्या आजोबांनी तर जुळी नातवंडं आणली आणि दोन जागा द्या, पण मला पुढचा बाक, अशी अट घातली. उंच आजोबांना नातवंड नव्हतं, म्हणून ते शेजाऱ्यांचा मुलगा घेऊन आले. मोठ्या बाईंनी कारण ओळखून दोघांना परत पाठवलं, पण मुलाच्या आईला शाळा आवडली आणि दुसऱ्या दिवशी ते दोघे रीतसर आले.

दुपारची तुकडी भरली. बायकोचा वर्ग राहिला. तिने त्या दिवशी शाळेतच, सगळ्यांसमोर, मला "शाबास" म्हटलं. मोठ्या बाईंनीही मान हलवली. मी टेबलामागे ताठ बसलो. एकंदर निवड काही अगदीच चुकली नव्हती, असं मला वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात दारातून सासूबाई आल्या. हातात बॅग, अंगावर शाल. थेट मोठ्या बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला दुपारच्या तुकडीला यायचंय."

"या ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण नियम सगळ्यांना सारखा. तुमच्याबरोबर मूल कोण?"

सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मोठ्या बाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. मग चष्मा काढून पुसला आणि अतिशय मायेने म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आणा. शाळेसाठी अजून तयार वाटत नाही."